जाळ्यातलं सतरावं घर

आगरदांड्याच्या धक्क्यावर होडीची वाट बघणाऱ्या माणसाला करण्यासारख्या दोनच गोष्टी असत. खाडीपलीकडच्या दिघीकडं डोळे लावून बसायचं, नाहीतर केसरच्या टपरीत चहा प्यायचा. सत्तावन्न सालची दिवाळी सरली आणि तिसरी एक गोष्ट झाली. टपरीच्या मागच्या कुडावर टांगलेलं जाळं बघायचं.

जाळं होतं मुशी-रावस असल्या मोठ्या माशांचं, मोठ्या घरांचं. भाऊ रघूनं फाटलं म्हणून टाकून दिलेलं. त्यातला धड तुकडा केसरनं कोयतीनं कापून आणला होता, सहा ओळी आणि एका ओळीत आठ घरं. एकेका घरात चार कोपरे दोऱ्यात अडकवून एकेक कागदी किरकेटवाला बसवलेला. सगळ्यांच्या अंगावर पांढरी विजार, पांढरा सदरा. कुणी वाकलेला, कुणी लाकूड उगारलेला, कुणी उगाच दात दाखवत उभा. त्यांतल्या एकालाही केसर नावानं ओळखत नव्हती. खेळ तिनं जन्मात पाहिला नव्हता, आणि भर उन्हात पाच पाच दिवस चालतो हे कळल्यावर पाहायची इच्छाही उरली नव्हती.

केसर चाळिशीची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. तो हिवतापानं गेला, समुद्रानं नव्हे, हे ती कुणी कळवळून बघायला लागलं की आधीच सांगून टाकायची. आता तिचं म्हणून जे माणूस होतं ते एकच, धाकटा भाऊ रघू. आणि तो मात्र समुद्रावर जात होता.

हे सगळं सुरू झालं ते कार्तिकातल्या वाऱ्यापासून. दुपारपर्यंत आरशासारखं पाणी, आणि दिवस कलताना असा वारा उठला की धक्क्यावरची पत्र्याची पाटी उडून खाडीत गेली. रघूची होडी बाहेर होती. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोडकी डोलकाठी आडवी टाकून, वल्ही मारत पाचही जण परत आले. केसरनं रडायचं काम मागं ठेवलं आणि आधी चुलीवर आधण ठेवलं. डब्यातली चहाची भुकटी संपलेली. तिनं मोरपंख चहाचा नवा पुडा फोडला, तर भुकटीबरोबर एक चित्र खाली पडलं. एक माणूस, डावा हात पार आभाळात, जणू कुणाला थांब म्हणतोय.

त्यांच्या घरची रीत अशी की पहिलं ते देवीचं. हंगामाचं पहिलं पापलेट, कोंबडीचं पहिलं अंडं, नव्या पोत्यातला पहिला मूठभर तांदूळ. आणि देवीला दिलेलं मोजायचं नाही. टोपलीत किती होते असं कुणी विचारलं तर जे उरले तेवढेच सांगायचे. त्या सकाळी नारळ वाढवायला गेलेल्या केसरनं नव्या पुड्यातलं ते चित्रही देवीच्या पायाशी ठेवलं आणि मोकळी झाली.

पुढं पंधरा दिवसांनी चहा कंपनीचा माणूस येऊन टपरीवर भिंतपत्रक चिकटवून गेला. ते वाचून दाखवलं शिवदासनं. शिवदास मूळचा तळा गावचा, धक्क्यावर होडीची तिकिटं फाडायचा. किरकेट म्हटलं की त्याचं भान सुटायचं. दिघीच्या गिऱ्हाइकाला एकदा त्यानं त्या नादात तिकीट न देताच चढवलं होतं.

"केसरबाई, ऐका. प्रत्येक पुड्यात एक खेळाडू. एकूण अठ्ठेचाळीस. सगळे जमवून मे महिन्याच्या एकतीस तारखेच्या आत जो कंपनीत पोचवील, त्यातल्या पहिल्या पंचवीस जणांना बॅटरीवर चालणारा रेडिओ."

"रेडिओत काय लागतं?"

"काय लागत नाही ते विचारा. मॅचचं सगळं वर्णन. चेंडू कुठं पडला, कुणी मारला—"

"वाऱ्याचं लागतं?"

शिवदास थांबला. "लागतं ना. मुंबईहून रोज सांगतात. समुद्रावर जाणाऱ्यांसाठी. वारा कुठला, किती, होड्या सोडाव्या की नको."

"कार्तिकात सांगितलं व्हतं?"

"सांगितलं असेल," शिवदास हळूच म्हणाला. "आदल्या दिवशी."

केसरनं चहाचं फडकं पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं. खबर मुंबईत होती आणि वारा इथं. मधे ऐकणारं कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं रघूच्या अंगणातून जाळं उचललं.

टपरीला दोन दिवसांत एक पुडा लागायचा, चैत्रातल्या जत्रांना दिवसाला एक. शिवदासनं वही घातली. आकडे मांडले, पुढं खुणा केल्या. केसरला विसापलीकडं आकडे वाचता येत नव्हते, पण तिला ते नकोच होते. चित्राच्या कोपऱ्यातला आकडा शिवदासनं एकदा सांगितला की ती त्याचं घर धरायची, आणि एकदा घर धरलं की तो माणूस तिच्या डोळ्यांत बसायचा. "पाचवी ओळ, शेवटून दुसरा, मिशीवाला," असं ती पाठमोरी उभी राहून सांगायची. चैत्राच्या शेवटी एकदा वही एकेचाळीस म्हणाली आणि जाळं चाळीस. शिवदास अर्धा दिवस वहीच्या बाजूनं भांडला. मग सापडलं की त्यानं एकाच माणसापुढं दोनदा खूण केली होती.

"वहीत भोक दिसत न्हाय, भाऊ," केसर म्हणाली. "जाळ्यात दिसतं."

परत परत येणाऱ्यांसाठी तिनं बिस्किटांचा डबा केला होता. त्यातही प्रतवारी होती. जे दर दोन पुड्यांआड निघत ते बोंबील. कधीमधी निघणारे ते बांगडे. आणि एकदाच दिसलेले ते पापलेट. पलीकडं दिघीच्या धक्क्यावर सोनाबाईची अशीच टपरी होती, चहाही तोच, आणि रेडिओ तिलाही हवा होता. दोघींची अदलाबदल होडीतून चालायची. चित्रं पानात गुंडाळून शिवदास न्यायचा आणि निरोपही न्यायचा.

"सोनाबाई म्हणते, तीन बोंबलांना एक बांगडा देणार नाही. पाच हवेत."

"तिला सांग, पाच बोंबलांत माझ्या घरचं कालवण व्हतं."

"तेही सांगू?"

"सांग की. तिला कालवणाचं कळत न्हाय, तेवढंच शिकंल."

तरी चित्रं येत गेली, जात गेली. मेच्या मध्यावर जाळ्यात सत्तेचाळीस माणसं झाली. एकच घर रिकामं राहिलं. तिसऱ्या ओळीतलं पहिलं. सतरा नंबर.

त्या भोकानं केसरला छळलं. गिऱ्हाइकं चहा पिता पिता तिकडंच बोट करायची. रोज पुडा फुटायचा आणि आतून बोंबील निघायचा, त्यातही एक ठरलेला, लाकडांच्या मागं वाकून बसलेला, हातात सुपाएवढे मोजे घातलेला. तो डब्यात अकरा वेळा होता.

एकवीस तारखेला शिवदास दिघीहून आला तो उतरायच्या आधीच बोलायला लागला.

"सोनाबाईच्या भाचीनं श्रीवर्धनला सतरा नंबर पाहिला. ज्याचा आहे तो देत नाही, मागून झालं. पण पाहिला. डावखुरा गोलंदाज आहे. डावा हात असा पार आभाळात."

आणि धक्क्यावर उभं राहून त्यानं हात करून दाखवला.

केसरच्या मागं दूध उतू गेलं. ती चूल विझवायलाही वळली नाही.

देवीचं देऊळ म्हणजे किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाखालची कौलारू खोली. तिची दिवाबत्ती मनुआजी करायची. ती किती वर्षांची होती हे तिलाही ठाऊक नव्हतं. कार्तिकात देवीच्या पायाशी सापडलेलं ते चित्र पायदळी नको म्हणून तिनंच भाताच्या पेजेनं देवीशेजारी भिंतीला चिकटवलं होतं आणि वर शेंदराचं एक बोट ओढलं होतं. पुढं ज्यानं त्यानं आपलं बोट ओढलं. तोंड गेलं, पांढरे कपडे गेले. राहिला तो शेंदरातून वर निघालेला हात. वादळातून माणसं परत आली त्याच दिवशी आलेला हा हात, तर वारा त्यानंच थांबवला असणार, असं कुणीतरी म्हणालं, आणि कुणी नाही म्हणालं नाही. गाव त्याला हातवाला म्हणायला लागलं. शिमग्यात त्याला वेगळा हार पडला. केसरही रोज येता-जाता त्याला नमस्कार करत होती. देवीला दिलेलं मोजायचं नाही, म्हणून सहा महिन्यांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की हा आपलाच.

केसरनं देवळात शिरून हार बाजूला केला.

"काय गो, देवाचा हार काढतंस?" मागून मनुआजी म्हणाली.

केसरनं सगळं सांगितलं. रेडिओ, वारा, अठ्ठेचाळीस, सतरा. मनुआजीनं ऐकून घेतलं आणि तपकीर ओढली.

"म्हणजे हा चायच्या पुड्यातला?"

"व्हय."

"मी त्याला सहा महिने निवद दावते."

"मी पण हात जोडते, आजी."

"बाय, देवीचं मला काय न्हाय. ती काय हात धरत न्हाय कुणाचा. पण तुझा भाव रोज याच्या पाया पडल्याशिवाय होडीला हात लावत न्हाय. त्याला विचार. तो व्हय म्हणला तर ने."

रघू वाळूत बसून फाटकं जाळं तुणत होता. तोंडात सुतळी, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणलेलं. बहिणीचं बोलणं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

"न्हाय," तो म्हणाला.

"अरे, तो किरकेटवाला हाय."

"असंल. कार्तिकात तू काय बघितलंस? आम्ही बघितलं. काठी मोडली, पाणी आत, आमचा तुळशीराम रडत व्हता. आन् मग वारा एकदम पडला. कुणीतरी पाडला का न्हाय?"

"पाडला. पण तवा हा माणूस पुड्यात व्हता, भुकटीत. तुम्ही आलाव तवा मी पुडा फोडला."

रघूनं सुतळी दातांनी तोडली. "रेडिओ तुला पायजे, आक्का. मला हा पुरतो."

केसरला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं तेही वर आलं. "तुला पुरतो. तीन दिस धक्क्यावर मी उभी व्हते. मला न्हाय पुरत."

रघूनं पुन्हा जाळ्यात मान घातली. केसर परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टपरीत न येता होडीवरच चहा केला. काळा, बिनदुधाचा, धुराचा. सगळ्या धक्क्यानं ते पाहिलं.

चोवीस तारीख उजाडली. टपालाला चार दिवस धरले तर हातात दोनच उरत होते. दुपारी ओहोटीला होड्या बंद होत्या. शिवदासनं तिकिटांची पेटी बंद केली, बिस्किटांचा डबा काखेत मारला आणि केसरला म्हणाला, "चला. बोलायचं मी. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

"तू काय बोलणार? तुला देवाधर्माचं काय कळतं?"

"नाही कळत. पण किरकेटमधलं कळतं, आणि देवळात आहे तो माणूस किरकेटचा आहे."

रघू होडीच्या सावलीत आडवा झाला होता. शिवदास त्याच्याजवळ वाळूत बसला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"रघूशेट, तो हातवाला काय करतो, तुम्हाला माहीत आहे?"

"थांबवतो."

"नाही. तो गोलंदाज आहे. हात वर करतो तो थांबवायला नाही, चेंडू टाकायला. चेंडू असा येतो त्याच्या हातातून की समोरच्याची दांडी उडते. गोलंदाज पाठवतो. अडवणारा निराळा."

रघू उठून बसला. होडीवर आडव्या बांधलेल्या नव्या डोलकाठीकडं त्यानं एकदा पाहिलं.

"पाठवतो?"

"त्याचं कामच ते. दांडी उडवणं."

लाटेनं होडीचा बुडखा दोनदा भिजवला.

"म्हणजे सहा महिने मी ज्याच्या पाया पडतोय..." रघूनं वाक्य तिथंच सोडलं. मग म्हणाला, "आन् अडवतो कोण?"

शिवदासनं डबा उघडला आणि वरचाच बोंबील काढला. लाकडांमागं वाकून बसलेला, सुपाएवढ्या मोज्यांचा. "हा. बाकीच्यांच्या हातून जे जे सुटतं, ते मागं हा धरतो. दिवसभर असा वाकून बसतो, पण मागं काही जाऊ देत नाही. याच्या मागं गेलं तर गेलंच, म्हणून हा कधी डोळा काढत नाही."

रघूनं चित्र हातात घेतलं. बघितलं. पालथं करून बघितलं. कोळ्याला वाकून बसलेला माणूस कळतो. सुकाणूवर बसणारा असाच बसतो.

"याचे हात मोठे हायत," तो म्हणाला.

"मोजे आहेत ते."

"मोजे असूदेत. हाच बसव, आक्का."

मनुआजीला सगळं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "हा दुर्मीळ हाय का?"

"न्हाय, आजी. अकरा हायत. बोंबील हाय हा."

"मग बेस. देवीला बोंबील आवडतो."

तरी केसरचा हात पुढं जाईना. दिलेलं परत मागायची त्यांच्या घरात रीत नव्हती. ती देवीपुढं बसली आणि जसं सोनाबाईशी बोलायची तसंच बोलली, फक्त आवाज खाली ठेवून. "मी परत मागत न्हाय. बदली देते. आन् रेडिओ आला तर पहिली खबर तुझी. हितं आणून लावीन."

मनुआजीनं कोमट पाणी लावून लावून पेज भिजवली आणि केसरनं कोयतीच्या टोकानं चित्र कडेकडेनं सोडवलं. खोबरेल तेलानं शेंदूर पुसला. माणूस उतरला, पण तांबडा होऊन. तोंड तांबडं, सदरा तांबडा, पाठीला चुन्याचे पोपडे. कोपऱ्यात पुसत पुसत एक आणि सात दिसले तेव्हा शिवदासनं श्वास सोडला. टपरीत नेऊन केसरनं तो तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या घरात बसवला. तासभर, फक्त बघण्यासाठी. त्या दुपारी जाळं भरलेलं होतं.

पाकिटात शिवदासनं चिठ्ठी घातली. ती त्यानं तीनदा लिहिली. "सप्रेम नमस्कार. क्रमांक सतराचे चित्र सहा महिने देवळात होते, म्हणून ते लाल आहे. ते खरे आहे. त्याच्याऐवजी देवीकडे विकेटकीपर बसवला आहे. कळावे." केसरनं ती त्याच्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "लोभ असावा राहिलं." त्यानं तेही लिहिलं.

जून गेला, जुलै गेला. सोनाबाईचे सेहेचाळीसच झाले होते. तिनं निरोप पाठवला की तुला आला तर मला होडीतनं वाऱ्याची खबर फुकट धाडायची. केसरनं उलट निरोप दिला की तू पाच बोंबलांचा हट्ट सोडला असतास तर विचार केला असता, आणि लगेच, धाडीन म्हणावं.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात खोका आला. बरोबर कंपनीचं पत्र. सत्तेचाळीस चित्रं त्यांनी ठेवून घेतली होती, सतरावं परत पाठवलं होतं. खाली कुणीतरी हातानं लिहिलं होतं, हे आपल्याकडेच असावे. शिवदासनं पोस्टातून रेडिओचा परवाना काढून आणला, उंडीच्या झाडाला जाळीची एरियल टांगली, आणि नारळी पौर्णिमेच्या सकाळी रेडिओ देवळात आणला.

सगळा किनारा जमला होता. होड्या रंगवून, नव्या पताका लावून उभ्या. सोन्याचा कागद गुंडाळलेला नारळ तयार. हंगाम आज सुटायचा. शिवदास खुंटी पिळत राहिला, पेटीतून तळणीतल्यासारखा चरचराट येत राहिला, आणि मग एकदम स्वच्छ आवाज आला. बाई होती. मनुआजीनं पदर सारखा केला.

बाईनं सगळ्या किनाऱ्याचं सांगितलं, आणि मग त्यांच्या पाण्याचं. नैऋत्येचा वारा, रात्रीनंतर जोर वाढणार, दोन दिवस होड्या सोडू नयेत.

बाहेर ऊन होतं. पाणी आरशासारखं. पोरंसोरं पताकांकडं बघत होती. पन्नास डोळे रघूकडं वळले, कारण पहिली होडी त्याची सुटायची.

रघूनं देवीशेजारी वाकून बसलेल्या मोजेवाल्याला हात जोडले. मग बहिणीकडं वळला.

"आक्का, ही पहिली खबर देवीची. व्हय ना?"

"व्हय."

"आन् देवीला दिलेलं मोजायचं न्हाय."

केसरच्या तोंडचं पाणी पळालं. ती काही बोलायच्या आत रघू किनाऱ्याकडं चालायला लागला होता. होडीपाशी जाऊन तो वाकला, दोर हातात घेतला, आणि सोडायच्या ऐवजी त्याला आणखी एक वेढा दिला. मग दुसरा. गाठ पायानं दाबून बघितली.

"पण ही मोजली," तो तिकडूनच म्हणाला. "चाय टाक. पाच जणांचा. दुधाचा."

नारळ त्या दिवशी किनाऱ्यावरूनच वाहिला. दुपारी केसरनं परत आलेला तांबडा माणूस जाळ्यात त्याच्या घरात बसवला. बाकीची घरं डब्यातल्यांनी जमतील तेवढी भरली. बरीच रिकामी राहिली. शिवदासनं नवी वही आणू का विचारलं.

"वही ऱ्हाऊ दे," केसर म्हणाली, आणि आधण ठेवायला वळली. वारा अजून आला नव्हता. होड्या मात्र सगळ्या आत होत्या.